इंजिनाचा श्वास आणि श्रेयाचा हिशेब

१.
१६ डिसेंबर १९५३. जनरल मोटर्सच्या शेव्हरले विभागात जेमतेम साडेसात महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या एका अभियंत्याने आपले वरिष्ठ मॉरिस ओली यांना एक टिपण धाडले. विषय होता तरुण, हॉट रॉडर आणि शेव्हरले. टिपण लिहिणाऱ्याचे नाव झोरा आर्कस-डंटोव्ह. मोटारींच्या इतिहासात या टिपणाला आज जवळपास पुराणवचनाचे स्थान आहे. मात्र त्याचा जो अर्थ सर्वत्र सांगितला जातो, तो अपुरा आहे. हा धागा त्या अपुऱ्या अर्थाविषयी आहे.

२.
टिपणातला मजकूर थोडक्यात असा. वेगाची हौस असलेली मुले जी मासिके वाचतात ती फोर्डने भरलेली आहेत. हौसेपोटी जुन्या फोर्डपासून सुरुवात करणारा मुलगा पुढे नवी गाडीही फोर्डचीच घेतो. शेव्हरलेचे नवे व्ही-८ इंजिन बाजारात आले तरी फोर्डभोवती साठलेले ज्ञान आणि सुटे भाग यांची बरोबरी व्हायला वर्षे लागतील. यावर उपाय एकच: कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, मॅनिफोल्ड, पिस्टन हे शक्ती वाढवणारे भाग कंपनीनेच तयार करून द्यावेत.

३.
या टिपणावरून डंटोव्ह यांना द्रष्टा ठरवले जाते आणि ‘कॉर्व्हेटचे जनक’ ही पदवी बहाल केली जाते. ते असामान्य अभियंते होते, यात शंका नाही. परंतु टिपण नीट वाचले तर ती भविष्यवाणीपेक्षा कबुली अधिक वाटते. इंजिनाची शक्ती वाढवण्याची विद्या कारखान्याच्या भिंतींबाहेर, भंगाराच्या ढिगात आणि घरामागच्या छपरांत तयार झाली, आणि जगातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीला ती तिथूनच उचलावी लागणार आहे, अशी ती कबुली आहे.

४.
हे समजण्यासाठी आधी इंजिनाकडे पाहावे लागते. पेट्रोल इंजिन म्हणजे मुळात हवेचा पंप. जितकी हवा आत येईल तितकेच इंधन नीट जळेल आणि तितकीच शक्ती मिळेल. पेट्रोल जास्त ओतणे सोपे आहे, अवघड आहे ते हवा आत घेणे. हे काम दोन भागांवर अवलंबून असते. सिलिंडर हेड हवेचा मार्ग ठरवते. कॅमशाफ्ट तो मार्ग केव्हा उघडायचा, किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा हे ठरवते. हेड हे नाक मानले, तर कॅमशाफ्ट ही श्वासाची लय आहे.

५.
कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरते. तिच्यावरील अंडाकृती उंचवटा, म्हणजे लोब, व्हॉल्व्हला ढकलून उघडतो. लोब किती उचलतो ती ‘उचल’. किती अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवतो तो ‘काळ’. आणि धूर बाहेर जाण्याचा व्हॉल्व्ह मिटण्यापूर्वीच हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उघडतो, तो दोघांचा सामाईक क्षण म्हणजे ‘ओव्हरलॅप’. इंजिन वेगाने फिरत असताना हा सामाईक क्षण लाभाचा ठरतो, कारण बाहेर धावणारा धूर मागून ताजी हवा ओढून घेतो. संथ वेगात मात्र त्याच कारणाने इंजिन अडखळते, धडधडते, पेट्रोल वाया घालवते.

६.
म्हणून ‘चांगली कॅमशाफ्ट’ असे काही नसते. एका विशिष्ट कामासाठी योग्य कॅमशाफ्ट असते. शहरात बाजारहाटासाठी फिरणाऱ्या गाडीला शर्यतीची कॅमशाफ्ट बसवली तर ती गाडी बिघडवणे ठरते. शक्ती वाढवणे हा सौदा आहे आणि प्रत्येक सौद्यात काहीतरी गमवावे लागते. हे शहाणपण आज पुस्तकांत मिळते. १९३० च्या दशकात ते कोठेच लिहिलेले नव्हते. ते कोणीतरी इंजिने फोडून शिकले.

७.
१९३२ साली हेन्री फोर्ड यांनी व्ही-८ इंजिनाची गाडी बाजारात आणली. २२१ घन इंचांचे हे इंजिन ६५ अश्वशक्ती देत होते आणि गाडीची किंमत ४६० डॉलरपासून सुरू होत होती. तोवर आठ सिलिंडर हे श्रीमंतांचे लक्षण होते. फोर्डने ते सामान्य माणसाच्या अंगणात आणून उभे केले. काही वर्षांतच या गाड्या जुन्या बाजारात आणि भंगारात पोहोचल्या. मंदीच्या काळातील अमेरिकन मुलाला मूठभर डॉलरमध्ये आठ सिलिंडरांचे इंजिन मिळू लागले. हॉट रॉडची संस्कृती या स्वस्ताईतून जन्मली. बंडखोरीची कथा तिला नंतर चिकटवली गेली.

८.
या इंजिनाचे टोपणनाव ‘फ्लॅटहेड’. त्याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नव्हते, खाली ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या शेजारी होते. वर हेड म्हणून जवळपास सपाट झाकण. बनवायला स्वस्त, दुरुस्तीला सोपे. पण श्वास कोंडलेला. हवा खालून वर यायची, वळायची आणि मग सिलिंडरमध्ये उतरायची. जळालेला तप्त धूर ब्लॉकच्या आतून, थंड पाण्याच्या वाटांशेजारून बाहेर पडायचा आणि इंजिन तापायचे. प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांना धुरासाठी तीनच तोंडे होती, मधल्या दोघांना एकच तोंड वाटून घ्यावे लागे.

९.
आणखी एक पेच होता. शक्ती वाढवायची तर कॉम्प्रेशन वाढवावे, म्हणजे हेड तासून ज्वलनकक्ष लहान करावा. पण फ्लॅटहेडमध्ये कक्ष लहान केला की व्हॉल्व्हपासून सिलिंडरपर्यंतची हवेची वाटच अरुंद होते. एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने जाते. या पेचातून वाट काढताना कॅलिफोर्नियातील मुले प्रवाहशास्त्र शिकली. विद्यापीठाचे तोंडही न पाहता शिकली.

१०.
या परंपरेतील आद्य नाव एड विनफिल्ड यांचे. १९२० च्या दशकापासून लॉस एंजेलिस परिसरात ते कार्ब्युरेटर घडवत आणि कॅमशाफ्ट घासून देत. त्यांच्याकडून धडे घेतलेले एड इस्केंडेरियन हे आर्मेनियन स्थलांतरितांचे पुत्र. युद्धानंतर त्यांनी एक साधे ग्राइंडिंग यंत्र स्वतः बदलून कॅमशाफ्ट घासण्याजोगे केले आणि त्यावर पुढे मोठा व्यवसाय उभा केला. व्हिक एडेलब्रॉक यांनी मॅनिफोल्ड आणि हेडचा व्यवसाय असाच गॅरेजमधून वाढवला. ही माणसे स्वतःला इतिहास घडवणारी समजत नव्हती. ती गिऱ्हाइकाची गाडी पुढच्या रविवारी किती धावेल एवढाच विचार करत होती.

११.
त्यांची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. नवी कॅमशाफ्ट ओतून घेणे परवडत नसे. मग लोबची उंची वाढवायची कशी? उत्तर उलटे होते. उचल म्हणजे लोबचे टोक आणि त्याचे मूळ वर्तुळ यांतील अंतर. टोक वाढवता येत नसेल तर मूळ वर्तुळ घासून लहान करावे, अंतर आपोआप वाढते. त्यामुळे कॅमशाफ्ट आणि टॅपेट यांत पडलेली फट भरायला कमीजास्त करता येणारे टॅपेट वापरावेत. फोर्डच्या कारखान्यात बनलेला तोच लोखंडी दांडा, त्यातून थोडे लोखंड काढले आणि इंजिनाचा स्वभाव बदलला. गरिबीत सुचलेल्या अभियांत्रिकीचा याहून नेमका नमुना शोधून सापडणार नाही.

१२.
या प्रयोगांची परीक्षा मोहावी वाळवंटातील कोरड्या तळ्यांवर होत असे. म्युरॉकची विस्तीर्ण, सपाट, टणक जमीन हे त्यांचे परीक्षागृह. १९३७ साली तेथील क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली, नियम केले, वेळ मोजण्याची शिस्त आणली. येथे दाव्याला किंमत नव्हती, घड्याळाला होती. युद्धकाळात म्युरॉक लष्कराकडे गेले आणि पुढे शर्यती एल मिराजच्या तळ्यावर रुजल्या. १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ मासिक निघाले आणि तोंडी चालत आलेली विद्या छापील झाली. जवळपास सहा वर्षांनी डंटोव्ह आपल्या टिपणात जी मासिके फोर्डने भरलेली आहेत असे लिहितात, त्यांत हे अग्रणी.

१३.
आता डंटोव्ह. जन्म २५ डिसेंबर १९०९, ब्रुसेल्स. आईवडील रशियन ज्यू. बालपण रशियन राज्यक्रांतीच्या धामधुमीत पेट्रोग्राडमध्ये गेले. १९२७ च्या सुमारास कुटुंब बर्लिनला आले आणि तेथील शार्लोटेनबुर्गच्या तंत्रविद्यालयातून १९३४ साली ते अभियंता झाले. नाझी सत्तेमुळे जर्मनी सुटली, १९४० साली फ्रान्स पडल्यावर तोही देश सुटला. स्पेन-पोर्तुगालमार्गे पत्नी एल्फी आणि भाऊ युरा यांच्यासह ते न्यूयॉर्कला पोहोचले. दोन्ही भावांनी तेथे ‘आर्डन’ ही कंपनी काढली. आर्कसमधला ‘आर’ आणि डंटोव्हमधला ‘डन’ यांवरून हे नाव.

१४.
युद्धकाळात लष्करी कामे केल्यावर, १९४७ च्या सुमारास आर्डनने फोर्डच्या फ्लॅटहेडसाठी एक अफाट वस्तू बाजारात आणली. ॲल्युमिनियमचे, अर्धगोलाकार ज्वलनकक्षाचे, वर व्हॉल्व्ह असलेले सिलिंडर हेड. ब्लॉक फोर्डचाच. कॅमशाफ्ट आपल्या जुन्या जागी, ब्लॉकमध्येच. तिच्यापासून पुशरॉड आणि रॉकर आर्मद्वारे चाल वर नेऊन मोठे, तिरके व्हॉल्व्ह उघडायचे. हवा एका बाजूने सरळ आत, धूर दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर. ब्लॉकच्या पोटातून धूर नेण्याची गरजच संपली. मूळच्या १०० अश्वशक्तीच्या इंजिनाची शक्ती या हेडने दीडपटीहून वर जात होती.

१५.
कल्पना अगदी नवी होती का? नाही, आणि हे सांगणे डंटोव्ह यांचा अवमान नव्हे. १९१२ च्या ग्रां-प्री प्यूजोपासून युरोपातील शर्यती इंजिने तिरक्या, वरच्या व्हॉल्व्हचा लाभ घेत होती. १९३६ च्या बीएमडब्ल्यू ३२८ मध्ये हीच करामत झाली होती: जुना ब्लॉक, खाली एकच कॅमशाफ्ट आणि वर नवे हेड. दोन लिटरहूनही किंचित लहान इंजिनातून ८० अश्वशक्ती मिळाली. डंटोव्ह यांनी युरोपातील हे शहाणपण अमेरिकेतील सर्वांत स्वस्त व्ही-८ वर बसवले. इतिहासात नावीन्य बहुधा असेच येते, एका ठिकाणची जुनी गोष्ट दुसऱ्या ठिकाणी नेमकी बसवल्याने.

१६.
तरीही आर्डन बुडाली. हे हेड मुळात ट्रकसाठी कल्पिले होते, तापणाऱ्या अवजड वाहनांचा त्रास संपवण्यासाठी. पण १९४८ साली फोर्डनेच मोठ्या ट्रकसाठी ३३७ घन इंचांचे नवे इंजिन आणले. १९४९ साली ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅक यांची कारखान्यातूनच वर व्हॉल्व्ह असलेली व्ही-८ इंजिने निघाली. महागडे हेड विकत घेऊन जुन्या ब्लॉकवर चढवण्याचे कारण उरले नाही. शिवाय हेड रुंद होते आणि क्लिष्ट. त्याखालचा फोर्डचा क्रँकशाफ्ट तीनच मुख्य बेअरिंगांवर उभा होता. वरचे फुप्फुस पहिलवानाचे आणि खालचे पाय पूर्वीचेच.

१७.
आर्डनच्या हेडला खरा न्याय मिळाला तो वाळवंटात. कॅलिफोर्नियात डॉन क्लार्क आणि क्लेम टेबो यांनी या हेडांवर मेहनत घेतली, त्यांच्या खोडी दूर केल्या आणि तळ्यांवर ती गाजवली. इंग्लंडमध्ये सिडनी अलार्ड यांनी आपल्या गाड्यांसाठी आर्डनचा वापर केला आणि डंटोव्ह स्वतः काही काळ तेथे कामाला गेले. पुढे १९६० च्या दशकात ब्राझीलमधील सिम्का कंपनीने आपल्या जुन्या, फोर्डच्याच वंशातील व्ही-८ वर याच धर्तीचे हेड चढवून ‘एमिसुल’ इंजिन काढले. कंपनी गेली, पण कल्पना तीन खंडांत फिरली.

१८.
डंटोव्ह यांच्या चरित्रात आर्डन हा सहसा एका परिच्छेदात उरकला जाणारा आरंभीचा अपयशी प्रयत्न असतो. ही मांडणी चुकीची आहे. आर्डनने त्यांना तीन धडे दिले. एक, हेड आणि कॅमशाफ्ट ही जोडी आहे: नाक मोठे करून श्वासाची लय जुनीच ठेवली तर लाभ अर्धाच मिळतो. दोन, इंजिन तितकेच मजबूत असते जितका त्याचा सर्वांत कच्चा भाग. तीन, उत्कृष्ट भागही गिऱ्हाइकाला परवडेल, मिळेल आणि बसवता येईल अशा रूपात आला नाही तर तो संग्रहालयात जातो. १९५३ च्या टिपणात हे तिन्ही धडे दिसतात.

१९.
जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात डंटोव्ह यांनी पहिली कॉर्व्हेट पाहिली. म्हणजे ‘जनक’ भेटण्यापूर्वीच बाळाचा जन्म झाला होता. गाडीची कल्पना जनरल मोटर्सचे रचनाप्रमुख हार्ली अर्ल यांची. देखणी होती, पण पोटात १५० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरांचे इंजिन होते. १ मे १९५३ रोजी डंटोव्ह कंपनीत आले. १९५५ साली एड कोल यांच्या नेतृत्वाखाली घडलेले शेव्हरलेचे २६५ घन इंची व्ही-८ आले. हलके, सुटसुटीत, पत्र्यातून ठोकून काढलेल्या हलक्या रॉकर आर्ममुळे जलद फिरू शकणारे. ज्या हेडसाठी आर्डन बुडाली, तसा मोकळा श्वास आता कारखान्यातूनच मिळत होता. उरली होती कॅमशाफ्ट.

२०.
सप्टेंबर १९५५ मध्ये डंटोव्ह यांनी १९५६ च्या शेव्हरलेची नमुना गाडी पाइक्स पीकच्या घाटात चालवून १७ मिनिटे २४ सेकंदांचा विक्रम केला. मग त्यांनी नवी कॅमशाफ्ट रचली. त्यांची भूमिका रूढ समजुतीहून वेगळी होती. उचल बेताचीच ठेवली आणि उघडण्याचा काळ लांबवला. व्हॉल्व्हला हिसका कमी बसला, स्प्रिंगांवरचा ताण आटोक्यात राहिला आणि इंजिन निर्धास्तपणे ६,००० फेऱ्यांपलीकडे जाऊ लागले. जानेवारी १९५६ मध्ये डेटोनाच्या वाळूवर कॉर्व्हेटने दोन्ही दिशांच्या सरासरीने ताशी १५० मैलांहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे २४२ किलोमीटर, वेग गाठला.

२१.
ही ‘डंटोव्ह कॅम’. भाग क्रमांक ३७३६०९७, हौशी जगात नुसती ‘०९७’. या क्रमांकातच क्रांती आहे. आता कॅन्ससमधल्या किंवा ओहायोमधल्या मुलाला कॅलिफोर्नियातल्या कुणा उस्तादाची ओळख लागत नव्हती. गावातल्या शेव्हरले विक्रेत्याच्या खिडकीपाशी जाऊन क्रमांक सांगायचा, पैसे मोजायचे, खोके घरी न्यायचे. एकेकाळी गुरुमुखातून मिळणारी विद्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद होऊन दुकानात आली. हे डंटोव्ह यांचे खरे कर्तृत्व आहे, आणि ते कॉर्व्हेटपेक्षा मोठे आहे.

२२.
पण येथेच श्रेयाचा हिशेब बिघडतो. १९५७ च्या शेव्हरलेने २८३ घन इंचांतून २८३ अश्वशक्ती मिळवली आणि ‘एका घन इंचास एक अश्वशक्ती’ ही अमेरिकन मोटारींतील पहिलीच घटना, असे आजही सर्रास सांगितले जाते. वास्तविक १९५६ ची क्रायस्लर ३००-बी ३५४ घन इंचांतून ३५५ अश्वशक्ती देण्याच्या पर्यायासह विकली जात होती. कंपन्यांचे जाहिरातदार मोठे इतिहासकार असतात. त्यांची वाक्ये पुस्तकांपेक्षा जास्त टिकतात. विनफिल्ड यांच्याकडे जाहिरातदार नव्हते.

२३.
यावर एक आक्षेप रास्त आहे. कंपनीने ही विद्या उचलली म्हणून ती लाखोंपर्यंत पोहोचली, मग तक्रार कसली? शिवाय भरवशाचा, मोजमापाने बनलेला भाग मिळाल्याने किती इंजिने आणि किती जीव वाचले असतील. हे खरे आहे. तक्रार प्रसाराविषयी नाहीच, ती स्मृतीविषयी आहे. टिपणातच डंटोव्ह सुचवतात की हॉट रॉडशी उघड नाते कंपनीला मानवणार नाही, तेव्हा हे भाग कॉर्व्हेटचे म्हणून यादीत ठेवावेत. हॉट रॉडर ते बरोबर ओळखतील. म्हणजे ज्यांच्याकडून विद्या आली, त्यांचे नाव टाळण्याची सोय आरंभापासूनच होती. जून १९५७ मध्ये अमेरिकन मोटार उत्पादकांच्या संघटनेने शर्यतींपासून दूर राहण्याचा ठराव केला. भाग मात्र यादीत राहिले.

२४.
दुसरा हिशेब अधिक गंभीर आहे आणि वेगाचे भक्त तो टाळतात. ज्या लॉस एंजेलिसमध्ये कॅमशाफ्ट घासल्या जात होत्या, त्याच शहराच्या डोळ्यांत तपकिरी धुके चुरचुरत होते. शेजारच्या पासाडेनात कॅलटेकचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाश पडून हे धुके बनते. आता ओव्हरलॅप आठवावा. दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असताना काही इंधन न जळताच बाहेर निसटते. संथ वेगात धडधडणाऱ्या ज्या इंजिनाचा नाद हौशी कानांना गोड वाटतो, त्यात न जळलेल्या पेट्रोलचाही सूर असतो.

२५.
म्हणून १९६६ साली कॅलिफोर्नियाने धुराड्यातून निघणाऱ्या वायूंवर मर्यादा घातल्या आणि १९७० च्या संघराज्य कायद्याने त्या देशभर कडक केल्या, याला सरकारी जाच म्हणणे इतिहासाला धरून नाही. आज तेथे रस्त्यावरील गाडीत बसवायच्या कॅमशाफ्टलाही मंजुरी लागते. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाचा मूळ तपशील बदलण्यावर बंधन घालते. हवा सर्वांची आहे. एकाच्या इंजिनाचा मोकळा श्वास दुसऱ्याच्या छातीतला श्वास अडवत असेल, तर त्याचे स्थान शर्यतीच्या मार्गावर आहे, वस्तीच्या रस्त्यावर नाही.

२६.
मात्र बंधन आणि अज्ञान यांत फरक आहे. धुरावर मर्यादा असावी. इंजिन उघडून पाहण्यावर नसावी. हेड उतरवून व्हॉल्व्हची बैठक पाहणारा, लोबची उचल मोजणारा, गॅस्केटवरच्या खुणांवरून ज्वलनाचा अंदाज घेणारा मुलगा कायदा मोडत नसतो, तो वाचत असतो. १९३० च्या दशकातील त्या मुलांना यंत्र वाचता आले, कारण ते उघडता येत होते. आजचे यंत्र सॉफ्टवेअरच्या कुलुपात आहे आणि विजेच्या मोटारीत तर कॅमशाफ्टच नाही. पुढचा विनफिल्ड कोठे शिकणार, हा प्रश्न केवळ मोटारींपुरता नाही.

२७.
डंटोव्ह १९७५ साली निवृत्त झाले, २१ एप्रिल १९९६ रोजी वारले. त्यांच्या अस्थी केंटकीतील बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात आहेत. हा मान त्यांना शोभतो. राजवटींनी दोनदा उखडलेला हा माणूस अपयशातून शिकला आणि गॅरेजमधल्या पोरांकडूनही शिकायला लाजला नाही. ते शिकले कोणाकडून, हे विसरून त्यांना एकट्याला देव्हाऱ्यात बसवले तर त्यांचा हाच गुण पुसला जातो.

२८.
तेव्हा पुढच्या वेळी कोणी एखाद्या इंजिनाची अश्वशक्ती ऐकवून ‘हे अमुक कंपनीने साध्य केले’ असे सांगेल, तेव्हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन प्रश्न विचारावेत. या इंजिनाचा श्वास प्रथम कोणी मोकळा केला? आणि त्याची किंमत कोणाच्या श्वासाने मोजली? पहिल्याचे उत्तर बहुधा कारखान्याबाहेरच्या एखाद्या छपरात सापडेल. दुसऱ्याचे उत्तर वेगाच्या नोंदवहीत नाही. ते लॉस एंजेलिसच्या त्या धुक्यात आहे, आणि तेही याच इतिहासाचे पान आहे.